मराठी प्रबंधाची संदर्भसूची लाटेकमध्ये: स्टाइल फाईलला हात लावण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बडोदा संस्थानाच्या इतिहासावर तुम्ही मराठीतून प्रबंध लिहिताय, झीलाटेक वापरताय (लाटेक, म्हणजे आज्ञा लिहून मजकूर छापायला लावणारी प्रणाली, तिचा देवनागरी चालवणारा प्रकार). साधनं मराठी, गुजराती, इंग्रजी आणि थोडी मोडी कागदपत्रं. संदर्भ तळटिपांत द्यायचे आणि शेवटी सूची. मार्गदर्शकांनी नमुना दिलाय, तो जमावा म्हणून तुम्ही ‘ॲपालाइक’ या तयार स्टाइलची बीएसटी फाईल, म्हणजे संदर्भ कसे छापायचे ते सांगणारी फाईल, उघडलीत आणि आतलं काहीच उमगेना. दरम्यान सूचीत दोन मराठी लेखकांमध्ये इंग्रजी ‘अँड’ छापलं जातंय, क्षीरसागर ‘क’च्या रांगेत जाऊन बसलेत, ग्रंथमालेचा क्रमांक खंड म्हणून येतोय, आणि ‘बडोदा संस्थान’ हा लेखक ‘संस्थान’ व पुढे एक चौकोन असा दिसतोय. बीएसटीत नेमकं कुठे बदलायचं, असं तुम्ही विचारलंय.

बीएसटी बदलून यातली एकच तक्रार धड मिटेल, ती ‘अँड’ची. ग्रंथमालेचा क्रमांक आणि संस्थानाचं उलटं नाव हे बिब फाईलमधल्या, म्हणजे साधनांचा तपशील भरलेल्या फाईलमधल्या, नोंदींचे दोष आहेत. क्षीरसागरांची जागा आणि तो चौकोन ही नोंदींवरून सूची बनवणाऱ्या जुन्या बिबटेक प्रोग्रामची मर्यादा आहे. नोंद, प्रोग्राम आणि छपाईची स्टाइल ही तीन वेगळी ठिकाणं आहेत. एकाचं दुखणं दुसरीकडे शोधण्यात लोकांचे आठवडे जातात. मी इथे बडोद्यात बरीच वर्षं संशोधकांचे प्रबंध लाटेकमध्ये लावून देतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ‘स्टाइल बिघडलीय’ तक्रारी शेवटी नोंदींपाशीच येऊन थांबतात.

खाली आज्ञांची नावं देवनागरीत आणि वाचायला सोपी जावीत म्हणून जोडरेघ घालून लिहिली आहेत. फाईलमध्ये ती रोमनमध्ये, सलग आणि उलट्या तिरक्या रेघेने सुरू करून टंकायची.

आधी बिबटेक की बिबलाटेक (लाटेकमधली संदर्भांची नवी व्यवस्था) हे ठरवू, कारण ते परिस्थितीवर अवलंबून आहे. बिबटेक ओरेन पटाश्निक यांनी १९८५च्या सुमारास केलं. बीएसटीची भाषा स्टॅकवर चालते, म्हणजे आधी वस्तू रचायची आणि मग तिचं काय करायचं ते सांगायचं. त्यामुळे सवय नसलेल्याला ती उलटी वाटते, यात तुमचा काही दोष नाही. एखाद्या नियतकालिकाला निबंध पाठवणार असाल आणि त्यांनी स्वतःची बीएसटी दिली असेल, तर ती जशीच्या तशी वापरा. एक अक्षरही बदलू नका, त्यांच्याकडे गेल्यावर त्यांचीच लागणार आहे. बिबटेकवरच राहणं भाग असेल आणि साचा आपला हवा असेल, तर पॅट्रिक डॅली यांच्या कस्टम-बिब संचातलं मेकबीएसटी चालवा. ते एकेक प्रश्न विचारतं आणि तुमच्या उत्तरांवरून नवी बीएसटी बनवून देतं.

तुमची गोष्ट मात्र वेगळी आहे. प्रबंध मराठी, लिप्या तीन, संदर्भ तळटिपांत. इथे बिबलाटेक आणि त्याच्या जोडीला बायबर (नोंदी वाचून त्यांचा क्रम लावणारा प्रोग्राम) हाच मार्ग मी सुचवेन. देवनागरीचं एक अक्षर फाईलमध्ये तीन बाइटचं असतं आणि जुनं बिबटेक बाइट मोजतं. ॲपालाइक नावाचं आद्याक्षर काढायला जातं आणि अक्षराचा पहिलाच बाइट तोडून घेतं. तुमचा चौकोन तिथून आला. बायबर अक्षरं ओळखतं, त्यामुळे हा प्रकार मुळातच होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते संगणकावर करायचं नाही. मार्गदर्शकांनी दिलेला नमुना हा बहुधा एकट्या लेखकाच्या, एका खंडाच्या, छापील पुस्तकाचा असतो. तुमच्या प्रबंधात तसली पुस्तकं निम्मीसुद्धा नसतील. एक कागद घ्या आणि तुमच्या साधनांचा प्रत्येक प्रकार छापून कसा दिसायला हवा ते हाताने लिहा: संपादित ग्रंथ, ग्रंथमालेतला ग्रंथ, अनेक खंडांचा ग्रंथ, मासिकातला लेख, संस्थानाचा अहवाल, दप्तरातला कागद. विरामचिन्हांसकट लिहा. मग तो कागद मार्गदर्शकांना दाखवून त्यावर होकार घ्या. हे झाल्याशिवाय मी एकही आज्ञा लिहीत नाही. न ठरलेल्या गोष्टीला स्टाइल लावली की दर भेटीत ती बदलते.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण बडोद्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते लागतं. गायकवाड ओरिएंटल सिरीजचा पहिला ग्रंथ म्हणजे राजशेखराची काव्यमीमांसा, १९१६. संपादक सी. डी. दलाल आणि आर. अनंतकृष्ण शास्त्री. नोंदीत लेखक राजशेखर, संपादक हे दोघं, ‘सिरीज’ या फील्डात, म्हणजे नोंदीतल्या रकान्यात, मालेचं नाव आणि ‘नंबर’ या फील्डात १. तुम्ही हा १ ‘व्हॉल्यूम’मध्ये टाकलाय, म्हणून काव्यमीमांसा हा कुठल्यातरी मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड असल्यासारखी छापली जाते. व्हॉल्यूम हे एकाच ग्रंथाच्या खंडासाठी, नंबर हे मालेतल्या क्रमांकासाठी. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराची वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती घ्या. ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत आली. तिथे प्रत्येक कांडाच्या नोंदीला व्हॉल्यूम लागेल. संपूर्ण आवृत्तीची एक ‘एमव्हीबुक’ (अनेक खंडांचा ग्रंथ) प्रकारची नोंद करून तिच्यात ‘व्हॉल्यूम्स’ सात द्या आणि तारीख १९६० व १९७५ यांच्यामध्ये तिरकी रेघ घालून लिहा. मग प्रत्येक कांड तिला ‘क्रॉसरेफ’ने जोडा. एक लक्षात असू द्या: अशी दोन कांडं उद्धृत केलीत की मूळ नोंद आपोआप सूचीत येते. ते नको असेल तर ‘मिन-क्रॉसरेफ्स’चा आकडा वाढवा. हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

नोंदी करताना ग्रंथ हातात असावा. सेंट्रल लायब्ररीत किंवा हंसा मेहता ग्रंथालयात बसून मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकपान पाहून लिहिलेली नोंद आणि इंटरनेटवरून उचललेली नोंद यांत फार फरक पडतो. उचललेल्या नोंदीत माला बहुतेक वेळा नसते, संपादक लेखक झालेला असतो आणि प्रकाशनस्थळ कुठल्याशा पुनर्मुद्रणाचं असतं. स्टाइल कितीही चांगली असली तरी नोंदीत नसलेली गोष्ट ती छापू शकत नाही.

नावांबाबत तीन गोष्टी. पहिली, दोन लेखक जोडणारा शब्द बिब फाईलमध्ये इंग्रजी ‘अँड’च, रोमन अक्षरांत, हवा. तिथे ‘आणि’ लिहिलंत तर बायबर दोघांचा मिळून एकच माणूस समजतं. छापताना ‘आणि’ कसं आणायचं ते पुढे येईलच. दुसरी, नाव नेहमी ‘आडनाव, नाव’ असं स्वल्पविराम देऊन भरा, प्रोग्रामला अंदाज करायला लावू नका. संस्था लेखक असेल तर नावाला महिरपी कंसांची दुहेरी जोडी घाला, म्हणजे ‘बडोदा संस्थान’ अखंड राहील, त्याचं आडनाव ‘संस्थान’ होणार नाही. तिसरी गोष्ट आद्याक्षरांची. ‘प्रल्हाद’चं आपल्याला ‘प्र.’ हवं असतं, पण जोडाक्षरात प्रोग्राम आपल्या मनासारखं तोडेल याची खात्री धरू नये. मराठी सूचीत पूर्ण नावं छापावीत असं माझं स्पष्ट मत आहे. आद्याक्षरंच हवी असतील तर बायबरची विस्तारित नावपद्धत वापरा. तिथे ‘गिव्हन’, ‘फॅमिली’ आणि ‘गिव्हन-आय’ असे भाग वेगळे देता येतात, आणि शेवटच्यात ‘प्र’ आपण स्वतः लिहायचं.

जुन्या मराठी-गुजराती पुस्तकांवर शके किंवा संवत असतो. तारखेच्या फील्डात फक्त इसवी सन, इंग्रजी आकड्यांत ठेवा, कारण क्रम त्यावरूनच लागतो. शके १८२० म्हणजे १८९८ आणि १८९९ या दोन वर्षांत पसरलेलं वर्ष. महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षं तिरक्या रेघेने जोडून द्या. मूळ शक ‘यूझर-ए’ या मोकळ्या फील्डात ठेवा आणि छापताना कंसात आणा. छापील आकडे देवनागरी हवेत ही बाब फॉन्टच्या आकडे-मॅपिंगची आहे, त्यासाठी नोंदी बिघडवू नका.

क्रमाचं पाहू. कोडच्या क्रमाने लावलं तर हलन्ताचं चिन्ह सगळ्या मात्रांच्या नंतर येतं. म्हणून क्षीरसागर कोल्हटकरांच्या नंतर आणि खरे या आडनावाच्या आधी जातात. मराठी कोशाप्रमाणे ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’च्या पुढे हवेत. बिबलाटेकच्या पर्यायांत ‘सॉर्ट-लोकेल’ला मराठीचा संकेत द्या, बायबर हे सांभाळतं. खात्रीसाठी सूचीत क्षीरसागर, हर्डीकर आणि कोल्हटकर अशा तीन नोंदी टाकून पाहाच. तिन्ही लिप्यांची एकत्र सूची मात्र करू नका, ती वाचकाला कुठल्याच क्रमाने शोधता येत नाही. मराठी, गुजराती, इंग्रजी अशा तीन सूच्या करा. प्रत्येक नोंदीत ‘लँग-आयडी’ (नोंदीची भाषा) भरलेला असला की ‘डेफ-बिब-चेक’ने भाषा तपासून बाकीच्या नोंदी वगळता येतात आणि तीच बिब फाईल तीनदा वापरता येते. गुजराती सूचीला तिचा स्वतःचा क्रम हवा असेल तर ‘डिक्लेअर-सॉर्टिंग-टेम्प्लेट’ला वेगळं लोकेल, म्हणजे त्या भाषेचा संकेत, देता येतं.

आता स्टाइल. नवी लिहू नका. तळटिपांसाठी ‘व्हर्बोज-आयबिड’ ही तयार स्टाइल तुमच्या गरजेच्या सगळ्यात जवळ आहे. ती घ्या आणि फरक तेवढे प्रीॲम्बलमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या फाईलच्या सुरुवातीच्या आज्ञांत, लिहा. पहिल्या उल्लेखात ती पूर्ण संदर्भ देते, पुढच्या वेळी लेखक आणि छोटं शीर्षक, लागोपाठ तोच ग्रंथ आला तर ‘आयबिडेम’चा शब्द. तो शब्द ‘डिफाइन-बिब्लिओग्राफी-स्ट्रिंग्ज’मध्ये मराठीसाठी ‘तत्रैव’ करून टाका. या स्टाइलची एक गोष्ट मला फार आवडते: पानावरची पहिलीच तळटीप असेल तर ती ‘तत्रैव’ छापत नाही, त्यामुळे वाचकाला मागचं पान उलटावं लागत नाही. ‘उ. नि.’ (उपरिनिर्दिष्ट) लिहिण्याची पद्धत मात्र मार्गदर्शकांना सोडायला सांगता आली तर सांगा. एकाच लेखकाचे तीन ग्रंथ वापरलेत की ‘उ. नि.’ नेमकं कोणतं ते कुणालाच कळत नाही. छोट्या शीर्षकासाठी ‘शॉर्ट-टायटल’ भरून ठेवलंत तर तळटिपा आटोपशीर राहतात.

‘अँड’चं उत्तर इथे आहे. बिबलाटेकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मराठीची भाषाफाईल आहे. जुनी टेकलाइव्ह (संगणकावर बसवलेला लाटेकचा संच) असेल तर आधी ती अद्ययावत करा. मुख्य भाषा मराठी केली की ‘आणि’ येतं. पण मग इंग्रजी पुस्तकाच्या दोन लेखकांमध्येही ‘आणि’ येईल. ‘ऑटो-लँग’चा पर्याय ‘अदर’ ठेवला आणि लँग-आयडी भरलेला असला, तर प्रत्येक नोंद सूचीत आपापल्या भाषेचे शब्द वापरते. गुजरातीची भाषाफाईल तुमच्याकडे नसेल तर तिचे चार-पाच शब्द तुम्हालाच पुरवावे लागतील. पानांसाठी ‘पेज’ आणि ‘पेजेस’ या दोन्ही जागी ‘पृ’ द्या आणि टिंबासाठी ‘ॲड-डॉट’ ही आज्ञा. बिबलाटेक विरामचिन्हांवर लक्ष ठेवतं आणि दोन टिंबं शेजारी येऊ देत नाही, पण ती त्याच्या आज्ञांनी घातली तरच. हाताने टंकलेलं टिंब किंवा स्वल्पविराम त्याच्या नजरेत नीट भरत नाही. घटकांमध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम हवा असेल तर ‘न्यू-युनिट-पंक्ट’ची नवी व्याख्या करा. तेवढ्याने अर्धी सूची नमुन्यासारखी दिसू लागते.

शीर्षकाचं अक्षरवळण बदलताना जवळपास सगळेच एका जागी अडतात. ‘डिक्लेअर-फील्ड-फॉरमॅट’ने टायटल बदललं तर पुस्तकं बदलतात, लेख तसेच अवतरणात राहतात. कारण लेख, प्रकरण, प्रबंध अशा प्रकारांसाठी स्टाइलने आधीच स्वतंत्र व्याख्या केलेली असते आणि तीच वरचढ ठरते. त्या प्रकारांची नावं चौकोनी कंसात देऊन बदल करा, किंवा आज्ञेला तारांकन लावा म्हणजे सगळ्या खास व्याख्या पुसल्या जातात. मराठी शीर्षकांना तिरपा ठसा देऊ नका. बहुतेक देवनागरी फॉन्टना खरा तिरपा ठसा नसतो, यंत्राने कलवलेली अक्षरं डोळ्याला टोचतात. ठळक घ्या किंवा एकेरी अवतरण घ्या.

मराठीची वाक्यरचना जिथे आडवी येते तिथे नुसते शब्द बदलून भागत नाही. इंग्रजी साचा संपादकांचा उल्लेख नावाआधी करतो, आपल्याला ‘दलाल, सी. डी. (संपा.)’ असं नावानंतर हवं. त्यासाठी ‘रिन्यू-बिब-मॅक्रो’ने ‘बाय-एडिटर-प्लस-अदर्स’ हा मॅक्रो (नाव दिलेला छपाईच्या आज्ञांचा गट) नव्याने लिहावा लागतो: आधी संपादकांची नावं छापा, मग जागा, मग कंसात ‘संपा.’. लेखाच्या नोंदीत मासिकाच्या नावाआधी येणारा ‘इन’ तर सरळ काढून टाका, ‘इन-कोलन’ हा मॅक्रो रिकामा केला की झालं. ग्रंथमालेचंही असंच. मराठी मालांत क्रमांकाला ‘पुष्प’ म्हणायची पद्धत आहे, तेव्हा ‘सिरीज-प्लस-नंबर’ या मॅक्रोत मालेच्या नावानंतर स्वल्पविराम, ‘पुष्प’ आणि मग क्रमांक असं छापा. पण ते लँग-आयडी मराठी असेल तरच. काव्यमीमांसेच्या मालेला ‘क्रमांक’च शोभेल. आडनाव आधी हवं असेल तर हेही पाहा की मूळ साच्यात फक्त पहिल्या लेखकाचं नाव उलटलेलं असतं. सगळ्यांचं हवं असेल तर ‘डिक्लेअर-नेम-एलियस’ने ‘सॉर्ट-नेम’ला ‘फॅमिली-गिव्हन’ जोडा. तीनपेक्षा जास्त लेखक असले की सूचीत एकाचं नाव राहून बाकीचे गळतात. ‘मॅक्स-बिब-नेम्स’ वाढवून ठेवा, संपादकमंडळांची नावं प्रबंधात पूर्ण असायला हवीत.

मोडी कागदांना पुस्तकाच्या साच्यात कोंबू नका. दप्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा), पुडकं, कागदाचा क्रमांक ही त्यांची ओळख आहे आणि पुढच्या संशोधकाला तो कागद मागवायला तीच लागते. बिबलाटेकमध्ये ‘कस्टम-ए’सारखे मोकळे नोंदप्रकार आहेत. एक घ्या, रुमाल आणि पुडक्यासाठी यूझर-ए, यूझर-बी अशी फील्डं नेमा आणि ‘डिक्लेअर-बिब्लिओग्राफी-ड्रायव्हर’ने छापायचा क्रम ठरवा. ड्रायव्हर म्हणजे कोणता घटक कोणत्या क्रमाने येईल याची यादी, दहा-बारा ओळींचं काम आहे. एवढं एकच काम तुम्हाला संपूर्ण नवं लिहावं लागेल, आणि ते मन लावून करा. छापील पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातही सापडतं. रुमालातल्या कागदाचा पत्ता फक्त तुमच्या तळटिपेत असतो.

चालवण्याचा क्रम झीलाटेक, बायबर, मग दोनदा झीलाटेक. लाटेक लिहायच्या पुष्कळ एडिटर-प्रोग्रामांत मूळ सेटिंग बिबटेकचं असतं, ते बदलून बायबर करा, नाहीतर सूची रिकामीच येईल. बिबटेकवरून येताय म्हणून आपोआप बनलेल्या जुन्या बीबीएल आणि ऑक्स या मधल्या फाईली एकदा पुसून टाका. देवनागरी फॉन्ट घेताना ‘स्क्रिप्ट’ला देवनागरी सांगायला विसरू नका, नाहीतर पहिली वेलांटी भलत्याच जागी पडेल आणि तुम्ही पुन्हा स्टाइलला दोष द्याल.

सुरुवात अख्ख्या प्रबंधावर करू नका. वेगळी छोटी फाईल करा, तिच्यात कागदावरच्या प्रत्येक प्रकाराची एकेक नोंद ठेवा आणि ती नमुन्याशी जुळेपर्यंत बदल तिच्यातच करा. एखादी नोंद तरीही हट्ट करत असेल तर बायबरने बनवलेली बीएलजी फाईल, म्हणजे त्याने काय केलं याची नोंद, उघडा. इशाऱ्यांच्या ओळी ‘वॉर्न’ने सुरू होतात आणि नोंदीची किल्ली बहुधा त्यांतच असते. ती ओळ, ती एक नोंद आणि छापून कसं हवं होतं ते, एवढ्या तीन गोष्टी इथे टाका, मी पाहतो.